पाळीव पक्ष्यांची उपेक्षा : पिंजऱ्यापासून निवाऱ्यापर्यंत

मकर संक्रांतीच्या सुमारास शहरांतील पक्षी निवारा केंद्रांत मांजाने कापल्या गेलेल्या घारी, कबुतरे, बगळे यांची रीघ लागते. रक्ताळलेला पंख कोणालाही दिसतो, त्यामुळे अशा पक्ष्यांविषयी हळहळही लगेच व्यक्त होते. याच केंद्रांत आणखी एक रुग्ण मात्र वर्षभर, कसलाही गाजावाजा न होता येत असतो. तो झाडावरून पडलेला नसतो, कोणी गलोलीने टिपलेला नसतो. तो कोणाच्या तरी घरातून, गॅलरीत टांगलेल्या पिंजऱ्यासकट आलेला असतो. ‘आता सांभाळणे जमत नाही’ एवढेच सांगून तो सोपविला जातो. काही वेळा तर रात्री दाराशी ठेवून दिलेला पिंजराच सकाळी केंद्रातील माणसांच्या हाती येतो.

केंद्रात नव्याने काम करू लागलेल्या स्वयंसेवकाची सर्वसाधारण समजूत अशी असते, की पक्ष्यांचे हाल निर्दय माणसेच करतात. काही दिवसांतच ही समजूत ढळते. निवाऱ्यात येणारे बरेचसे पाळीव पक्षी लाडात वाढलेले असतात. त्यांना नाव दिलेले असते, घरच्या ताटातला घास भरवलेला असतो, पाहुण्यांपुढे बोलायला लावून त्यांचे कौतुकही झालेले असते. तरीही त्यांची हाडे ठिसूळ, पिसे विरळ आणि यकृत सुजलेले असते. ही उपेक्षा द्वेषातून आलेली नाही, अज्ञानातून आलेली आहे. म्हणूनच ती टाळता येण्याजोगी आहे.

घरोघरचे पिंजरे

महाराष्ट्रात पिंजऱ्यात सर्वाधिक दिसणारा पक्षी म्हणजे आपला नेहमीचा हिरवा पोपट, अर्थात कीर किंवा राघू. नराच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी असते. ती उमटायला साधारण अडीच ते तीन वर्षे लागतात. तोवर नर-मादी दिसायला सारखीच असल्याने विक्रेता प्रत्येक पिलू ‘नर आहे, बोलेल’ असे सांगून विकू शकतो. याच्या जोडीला खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा पहाडी पोपट, जांभळट डोक्याचा टोई, डोंगरी मैना आणि मुनिया हे देशी पक्षीही चोरून विकले जातात. मुनियांना रंग फासून विकण्याचा प्रकार जुना आहे.

दुसरा गट परदेशी पक्ष्यांचा. बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळणारे चिमुकले रंगीत पक्षी बहुधा ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात बजरीगर मोठ्या थव्यांनी पाण्याच्या शोधात लांबवर भटकतात. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये ते जिवंत इंग्लंडला नेले आणि तेथून त्यांची पैदास जगभर पसरली. याखेरीज कॉकाटील, करडा आफ्रिकन पोपट, काकाकुआ आणि मकाव हे पक्षीही हौशी लोकांच्या घरी असतात.

पक्षी घेताना सर्वांत कमी विचार होतो तो त्याच्या आयुर्मानाचा. बजरीगर नीट ठेवल्यास पाच ते दहा वर्षे जगतो, हिरवा पोपट वीस ते तीस वर्षे. करडा आफ्रिकन पोपट चाळीस वर्षांच्याही पुढे जाऊ शकतो, तर मोठे काकाकुआ आणि मकाव मालकाच्या पश्चातही जिवंत राहू शकतात. शाळकरी मुलाच्या हट्टापायी आणलेला पोपट त्या मुलाचे शिक्षण, नोकरी आणि लग्न होईपर्यंत पिंजऱ्यातच असतो. मुलगा परगावी जातो, घर बदलते, आजी-आजोबा थकतात आणि पिंजरा मागच्या गॅलरीत सरकतो. उपेक्षेला सुरुवात बहुधा या टप्प्यावर होते.

ढोलीतून बाजाराकडे

हिरव्या पोपटाचा विणीचा हंगाम मुख्यतः हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत असतो. जुन्या झाडांच्या ढोलीत तो अंडी घालतो. पकडणारे लोक नेमकी हीच झाडे हेरतात आणि पंख न फुटलेली पिले ढोलीतून काढतात. टोपल्यांत, पिशव्यांत दाटीवाटीने भरून ती शहरात येतात. वाटेत उष्म्याने आणि उपासमारीने कित्येक मरतात. जगलेल्या पिलांना आई-बापांनी भरवलेल्या अन्नाऐवजी भिजवलेली पोळी किंवा भात मिळतो. हाडे वाढण्याच्या ऐन दिवसांत कॅल्शियम न मिळाल्याने अनेकांचे पाय फताडे आणि पंख वाकडे होतात. हे व्यंग पुढे कधीही पूर्ण बरे होत नाही. म्हणजे उपेक्षेचा पहिला अध्याय पक्षी घरात येण्यापूर्वीच लिहिला गेलेला असतो.

शरीरावर उमटलेली कहाणी

अनुभवी स्वयंसेवकाला पक्षी पाहून त्याच्या घराची कल्पना येते. पहिली खूण आहाराची. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे किंवा राळे यांवर वाढलेल्या पक्ष्यात ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता हमखास आढळते. तोंडात पांढरट गाठी येतात, नाकपुड्या चोंदतात, डोळे सुजतात आणि श्वसनाचे विकार वारंवार होतात. तेलबियांच्या अतिरेकाने यकृतात चरबी साठते. असा पक्षी गुबगुबीत दिसतो आणि घरचे लोक त्याला ‘खाऊन-पिऊन सुखी’ समजतात. पोळी, भात आणि बिस्किटे यांनी पोट भरते, पोषण होत नाही.

पोपट आणि मिरची यांची जोडी आपल्याकडे पक्की आहे. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिन या द्रव्यामुळे जाणवतो, त्याला पक्ष्यांच्या संवेदना प्रतिसाद देत नाहीत. म्हणून पोपट मिरची सहज खातो. तथापि, त्याला ती चालते याचा अर्थ मिरची-पोळीवर त्याने जन्म काढावा असा होत नाही.

दुसरी खूण पायांची. दुकानात मिळणाऱ्या पिंजऱ्यात एकाच जाडीची, गुळगुळीत दांडी असते. वर्षानुवर्षे त्याच दांडीवर बसल्याने तळव्याच्या त्याच भागावर भार पडतो. तेथील कातडी आधी गुळगुळीत होते, मग लाल होते आणि शेवटी तेथे जखम होऊन पू धरतो. पायात साखळी किंवा घट्ट कडी असेल तर घोट्याभोवती वळ पडतात. कधी धडपडीत हाडही मोडते. चोच आणि नखे बेसुमार वाढणे ही तिसरी खूण. बजरीगरांत चोचीभोवती आणि डोळ्यांभोवती मधाच्या पोळ्यासारखी खरखरीत खपली दिसली तर ती सूक्ष्म किडीची लागण असते. वेळीच औषध मिळाल्यास हा विकार पूर्ण बरा होतो. पण निवाऱ्यात येईपर्यंत कित्येकांची चोच कायमची वाकडी झालेली असते.

एकट्या ठेवलेल्या मादीचे दुखणे वेगळेच असते. जोडीदार नसतानाही कॉकाटील किंवा बजरीगर मादी अंडी घालते. कॅल्शियम अपुरे असेल तर अंडे आत अडकते आणि काही तासांत जीव धोक्यात येतो. ‘काल तर चांगली होती’ हे वाक्य अशा वेळी केंद्रात हमखास ऐकू येते. त्यात खोटे काही नसते. पक्षी आजार लपवतात. थव्यात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतो, म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत ताठ बसणे ही त्यांची उपजत वृत्ती आहे. पिसे फुगवून, डोळे मिटून बसलेला किंवा श्वासागणिक शेपटी खालीवर करणारा पक्षी म्हणजे आजार बराच पुढे गेल्याचे लक्षण होय.

एकटेपणाचे आजार

पोपट हा थव्यात राहणारा आणि कुशाग्र बुद्धीचा पक्षी. अमेरिकन संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी ‘ॲलेक्स’ नावाच्या करड्या आफ्रिकन पोपटावर तीस वर्षे अभ्यास केला. २००७ मध्ये मरण पावलेला हा पोपट सुमारे शंभर शब्द वापरत असे. रंग, आकार आणि संख्या ओळखून उत्तरे देत असे. आपल्या भाषेत अर्थ न समजता केलेल्या घोकंपट्टीला ‘पोपटपंची’ म्हणतात. हा शब्द त्या पक्ष्यावर अन्याय करणारा आहे, असेच या अभ्यासानंतर म्हणावे लागते.

अशा पक्ष्याला दीड फुटी पिंजऱ्यात एकटे ठेवले की त्याचे मन बिघडते. तो एकाच जागी मान झुलवत राहतो, दांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासन्‌तास येरझाऱ्या घालतो, कर्कश ओरडतो आणि अखेरीस स्वतःची पिसे उपटू लागतो. छाती आणि पाठ उघडी पडलेली, डोक्यावरची पिसे मात्र शाबूत, असे रूप दिसले की स्वयंसेवकाला अंदाज येतो. कारण पक्ष्याची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोहोचत नाही. डोक्यावरचीही पिसे गेली असतील तर कारण बहुधा दुसरा पक्षी किंवा एखादा रोग असतो. पिसे उपटण्यामागे त्वचेचे विकार आणि संसर्गही असू शकतात, म्हणून आधी तपासणी होते. परंतु सवय एकदा जडली की चांगल्या घरात गेल्यावरही ती सुटेलच असे नाही.

निवाऱ्यातील दिनक्रम

मुंबईतील परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय, दिल्लीच्या चांदणी चौकातील लाल मंदिराच्या आवारातील धर्मादाय पक्षी रुग्णालय अशा जुन्या संस्थांनी पक्ष्यांच्या शुश्रूषेची परंपरा आपल्याकडे रुजवली. आता अनेक शहरांत वन विभागाची उपचार केंद्रे आणि स्वयंसेवी संस्थांचे निवारे आहेत. नवा पक्षी आला की तो प्रथम इतरांपासून किमान महिनाभर वेगळा ठेवला जातो. पोपटवर्गीय पक्ष्यांकडून माणसाला होऊ शकणारा ‘सिटाकोसिस’ हा आजार यामागचे एक कारण आहे. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून त्याचे जंतू श्वासावाटे शरीरात जातात. ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला ही त्याची लक्षणे असून योग्य औषधाने तो बरा होतो. म्हणूनच पिंजरे साफ करताना तोंडावर मास्क आणि हातमोजे घालण्याचा नियम काटेकोरपणे पाळला जातो.

सकाळचे पहिले काम वजनाचे. बजरीगर जेमतेम तीस-चाळीस ग्रॅमचा, हिरवा पोपट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे काटा ग्रॅममध्ये मोजणारा लागतो आणि शरीराच्या वजनात दहा टक्के घटही गंभीर मानली जाते. नंतर पिंजऱ्याच्या तळाशी अंथरलेला कागद पाहिला जातो. निरोगी विष्ठेत हिरवट-तपकिरी घन भाग, पांढरा भाग आणि पाणी असे तीन घटक असतात. त्यांच्या रंगात वा प्रमाणात फरक पडला की त्याची नोंद होते.

पक्षी हातात धरण्याचेही शास्त्र आहे. पक्ष्यांना माणसासारखा श्वासपटल नसतो; छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच हवा आत-बाहेर होते. घाबरून छाती घट्ट आवळली तर पक्षी हातातच गुदमरतो. म्हणून मान आणि डोके टॉवेलातून अलगद धरून छाती मोकळी ठेवण्याचा सराव नव्या स्वयंसेवकाकडून आधी करून घेतला जातो.

सर्वांत चिकाटीचे काम म्हणजे आहार बदलणे. जन्मभर बियाच खाल्लेल्या पक्ष्याला गाजर किंवा पालक हे अन्न आहे हेच ठाऊक नसते. बिया एकदम बंद केल्या तर तो भरल्या वाटीपुढे उपाशी राहतो. म्हणून गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, पेरू, मोडाची कडधान्ये यांचे बारीक तुकडे बियांत मिसळून, रोज प्रमाण थोडे वाढवत, आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते. आंबा, पेरू, जांभूळ अशा झाडांच्या निरनिराळ्या जाडीच्या फांद्या दांड्यांच्या जागी बसविल्या जातात. पंख पसरता येतील एवढ्या पिंजऱ्यात आल्यावरही काही पक्षी कित्येक दिवस एका कोपऱ्यातच बसून राहतात. जुन्या पिंजऱ्याच्या मापाएवढीच त्यांची हालचाल उरलेली असते.

दार उघडावे का?

कनवाळू माणसाला वाटते, पिंजऱ्याचे दार उघडले की प्रश्न मिटला. प्रत्यक्षात अशी मुक्तता बहुधा मृत्युदंड ठरते. लहानपणापासून पिंजऱ्यात असलेल्या पोपटाचे उड्डाणाचे स्नायू दुबळे असतात, त्याला अन्न शोधता येत नाही, शिक्रा आणि मांजर यांची भीती नसते. उलट माणसाजवळ जाण्याची सवय असते. पंख कातरलेले असतील तर ती पिसे गळून नवी येईपर्यंत कित्येक महिने जावे लागतात. शिवाय त्याच्याबरोबर पिंजऱ्यातील रोग रानातल्या थव्यात जाऊ शकतो. त्यामुळे देशी पोपट सोडण्यापूर्वी त्याला मोठ्या पक्षिगृहात स्वजातीयांच्या सोबत उडण्याचा आणि रानफळे खाण्याचा सराव दिला जातो. माणसाशी संपर्क हळूहळू कमी केला जातो. या परीक्षेत जे उतरत नाहीत, त्यांना आयुष्यभर निवाऱ्यातच राहावे लागते आणि जागेची टंचाई असलेल्या केंद्रांपुढचा खरा पेच हाच असतो.

परदेशी पक्षी तर कधीच सोडू नयेत. पिवळाधमक बजरीगर कावळ्यांच्या तावडीत तत्काळ सापडतो. क्वचित एखादी जात तगली तर स्थानिक पक्ष्यांच्या ढोली बळकावते. याचे उदाहरण आपलाच हिरवा पोपट आहे. लंडन, ब्रुसेल्स अशा युरोपीय शहरांत पिंजऱ्यांतून सुटलेल्या वा सोडलेल्या पोपटांची वंशावळ आज थव्याथव्याने नांदते आहे.

कायदा काय सांगतो

देशी पोपट पाळणे हा गुन्हा आहे, हे अनेक सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना केली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली असून हिरवा पोपट आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्योतिषाच्या पेटीतून चिठ्ठी काढणारा पोपटही याला अपवाद नाही.

परदेशी पक्ष्यांबाबत नियम निराळे आहेत. वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्टांतील जाती बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश २.०’ या संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक झाले. करडा आफ्रिकन पोपट २०१७ पासून या कराराच्या सर्वांत कडक, म्हणजे पहिल्या परिशिष्टात आहे. बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड मात्र परिशिष्टांबाहेर आहेत. याचा अर्थ त्यांना कसेही ठेवावे असा नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोणताही प्राणी कोंडणे हा अपराध आहे. पहिल्या अपराधाला त्यात सांगितलेला दंड मात्र अवघा दहा ते पन्नास रुपयांचा आहे. पिंजऱ्याच्या किमतीपुढे ही रक्कम नगण्यच म्हणायची. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क असल्याचे मत नोंदविले, ही बाब या पार्श्वभूमीवर महत्त्वाची ठरते.

पक्षी घरात असेल तर

देशी पोपट घरी असल्यास तो परस्पर सोडून न देता वन विभागाच्या किंवा मान्यताप्राप्त केंद्राच्या स्वाधीन करावा. महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक यासाठी उपयोगी पडतो. भरकटलेला पाळीव पक्षी सापडल्यास भोके पाडलेल्या खोक्यात, मऊ कापडावर, अंधाऱ्या व उबदार जागी ठेवावा. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. दूधही पाजू नये, पक्ष्यांना ते पचत नाही.

परदेशी पक्षी आधीच घरात असेल तर दोन्ही पंख पूर्ण पसरून थोडे उडता येईल असा, उंचीपेक्षा रुंदीला जास्त असलेला पिंजरा द्यावा. समुद्रफेस, ताजी भाजी, फळे आणि रोज बदललेले पाणी हवे. कोवळे ऊन थेट मिळावे. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हातील ज्या किरणांमुळे ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, ते काच अडवते. ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी आणि खारट पदार्थ घातक आहेत. अति तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. उदबत्ती आणि डासांच्या कॉइलचा धूरही त्याच्या नाजूक श्वसनसंस्थेला बाधतो. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात वा देवघराजवळ टांगू नये. आणि नवा पक्षी घेण्यापूर्वी आणखी वीस वर्षांनी त्याचे कोण करणार, हा प्रश्न घरात बसून एकदा विचारावा.

निवाऱ्यात येणारे पोपट बहुधा बोलके असतात. कोणी ‘विठू विठू’ म्हणतो, कोणी घरातल्या मुलाला त्याच्या लाडक्या नावाने हाक मारतो, कोणी दाराची घंटा हुबेहूब वाजवतो. ज्या घराने त्याला सोडले, ते घर त्याच्या गळ्यात तसेच राहिलेले असते. स्वयंसेवक ती हाक रोज ऐकतो आणि वाटीत गाजराचे दोन तुकडे ठेवून पुढच्या पिंजऱ्याकडे वळतो.